मामाचं वजन

रायपुरात एखादा माणूस बारीक झाला तर त्याचं कौतुक कोणी करत नाही. "काय झालं भैया, शुगर निघाली का?" असं विचारतात. पुढच्या आठवड्यात शेजारीण घरी येते आणि बायकोला आवाज खाली आणून विचारते, घरी सगळं ठीक आहे ना म्हणून. वजन उतरवायला माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवायची, की बाबा, भुकेशी झगडणं एक वेळ सोपं, या लोकांशी झगडणं कठीण. तयारी असेल तर बसा.

मी आहारतज्ज्ञ. हा शब्द माझ्या पाटीवर होता, पण पाटी रंगवणारा सोडला तर तो कोणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. लोकांसाठी मी 'डाइटवाली दीदी'. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत, म्हणून रायपूर. सुरुवातीला एका इस्पितळाच्या स्वयंपाकघरात होते. तिथं माझं काम म्हणजे कोणाची खिचडी पातळ आणि कोणाची घट्ट, कोणाला मीठ आणि कोणाला नाही, एवढंच. मग राज्य वेगळं झालं, रायपूर राजधानी झाली, आणि शहरात खुर्च्या आल्या. गंमत नाही करत. जे लोक कालपर्यंत सायकलवर गावभर फिरत होते, ते खुर्चीत बसले. खुर्चीत बसलेल्यांना गाडी मिळाली, गाडीला ड्रायव्हर मिळाला. थोड्याच वर्षांत निम्मं शहर बसूनच होतं, आणि मी तेलीबांध्याच्या रस्त्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन दवाखाना थाटला.

नमुने भरपूर भेटले. गोल बाजारातले एक भांड्यांचे व्यापारी माझ्या काट्यावर उभे राहिले की रागवायचे. "दीदी, काँटा खराब है." त्यांच्या दुकानात पितळेची भांडी तोलायचा मोठा काटा होता, त्यावर त्यांचा देवावर असावा तितका विश्वास. एक दिवस ते त्यावर चढले. त्यानं माझ्या काट्यापेक्षा जास्त दाखवलं. तेव्हापासून ते माझ्याच काट्याची तारीफ करू लागले. दुसरे एक बडे अधिकारी. त्यांना मी रोज सकाळी तलावाला चकरा मारायला सांगितलं होतं. ते इमानदारीनं रोज जात. गाडीत बसून जात, गाडीतून तलाव पाहत आणि परत येत. "हवा तो लग रही है ना," म्हणाले.

बाहेरच्या माणसाला वाटतं, आमचा धंदा म्हणजे खाणं बंद करणं. येतानाच लोक मानेवर सुरी पडणार असल्यासारखा चेहरा करून येतात आणि विचारतात, "भात बंद ना?" मी छत्तीसगडात कोणाचा भात बंद केला नाही. इथं भात बंद केला तर माणूस आठ दिवस तुमचं ऐकतो आणि नवव्या दिवशी लपून पातेलं संपवतो. मी म्हणायची, भात खा, पण शेवटी. आधी डाळ, भाजी, दही, उसळ, अंडं चालत असेल तर अंडं. पोटात जागा उरेल तेवढा भात. रात्रीच्या भातात पाणी घालून सकाळी खायची ती बासीसुद्धा खा, कांदा आणि भाजी सोबत घेऊन. नव्या कॉलन्यांतल्या बायका बासीचं नाव काढलं की नाक मुरडत आणि त्याच तोंडानं बेकरीतली बिस्किटं खात. चालण्यानं लोकांना वाटतं तितकं वजन उतरत नाही, ते उतरतं ताटातून. पण चालणाऱ्याचे स्नायू टिकतात, साखर-रक्तदाब ताब्यात येतो, झोप लागते आणि मुख्य म्हणजे मन वठणीवर राहतं. पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरतं, त्यात पुष्कळसं पाणी असतं. मग वेग मंदावतो. कारण शरीर लहान झालं की त्याला लागतंही कमी. इथं बरेच जण हात टेकतात.

आणि माझा पहिला प्रश्न कधीच 'काय खाता' हा नसायचा. मी विचारायची, "घरात वाढतं कोण?" आपल्याकडे मोठा माणूस स्वतःच्या हातानं थोडाच खातो. त्याच्या ताटात कोणीतरी वाढत असतं, आणि ते कोणीतरी माझ्या बाजूनं नसेल तर माझी सगळी विद्या फुकट.

गजानन आला तेव्हाही मी हेच विचारलं. तो म्हणाला, "बायको वाढते मॅडम. थे तुमच्याच बाजूनं आहे." ते खरंही होतं. पण पूर्ण खरं नव्हतं, हे कळायला मला बरेच महिने लागले.

गजानन शहराबाहेर उरल्याच्या कारखान्यांच्या वस्तीत, लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर होता. आजोबा अकोल्याहून रेल्वेत आले ते इथलेच झाले. उंची बेताची आणि वजन एकशे एकोणीस किलो. दारातून आधी पोट आत आलं, मग हसणारा चेहरा. पण बसल्यावर त्याचं हसू गेलं. त्याची थोरली बहीण मंगलाताई, लहानपणी आई गेल्यावर जिनं त्याला वाढवलं ती, डायलिसिसवर होती. दोन्ही किडन्या गेलेल्या. तिच्या नवऱ्याला शुगर, आईवडील नाहीत. रक्तगट जुळला तो एकट्या गजाननचा. भाऊ-बहीण दोघं नागपूरच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले, आणि डॉक्टरांनी गजाननकडे वरपासून खालपर्यंत पाहून सांगितलं, की एवढ्या वजनाच्या माणसाची किडनी आम्ही काढत नाही. ऑपरेशनमध्ये धोका, आणि पुढं एका किडनीवर एवढं शरीर ओढायचं म्हणजे आज बहीण आजारी आहे, उद्या तुम्ही. नव्वदच्या खाली या, रक्तदाब ठीक करा, मग बोलू.

"किती दिवसांत होईन मॅडम?" त्यानं विचारलं.

"दिवसांत नाही होणार. वर्ष धरा."

"ताईले वर्ष आहे का पण?"

मी म्हटलं, "तुम्ही आजपासून सुरू करा. ते तरी आपल्या हातात आहे."

मी पुष्कळ लोकांची वजनं उतरवली. कोणाला लग्नात शेरवानी घालायची होती, कोणाला गुडघा वाचवायचा होता, एका पोट्टीला फक्त तिच्या नणंदेला जळवायचं होतं. पण दुसऱ्यासाठी बारीक व्हायला आलेला हा पहिलाच. आणि काय पठ्ठ्या निघाला! मिलमध्ये शिफ्ट आठवड्याला बदलते, झोप बदलते, जेवणाच्या वेळा बदलतात. अशा माणसाला वेळापत्रक देणं म्हणजे मूर्खपणा. म्हणून मी त्याला घड्याळ दिलंच नाही. उठल्यावर काय, डब्यात काय, शिफ्ट सुटल्यावर काय, एवढंच ठरवलं. डब्यात मोड आलेले मूग, भाजी, दोन पोळ्या, ताक. कॅन्टीनकडे पाठ करून बसायचं. उरल्याच्या धुळीत चालणं म्हणजे फुप्फुसावर अत्याचार, म्हणून चालायला तेलीबांध्याचा तलाव. मंगलाताईचं घर तिथं मागच्याच गल्लीत होतं, त्यामुळं तोही खूश झाला. चालून झालं की ताईला पाहून घरी जाईन, म्हणाला.

पहिले काही महिने काटा दर खेपेला खाली. वीस किलोच्या आसपास उतरले. मिलमध्ये बातमी पसरली की गजाननला टीबी झाला. एका फोरमननं त्याच्या बायकोला रस्त्यात गाठून धीर दिला. गजानन हे सगळं हसत हसत सांगायचा, पट्ट्याला पाडलेलं नवं भोक दाखवायचा.

आणि मग काटा थांबला. एक महिना, दोन महिने, तीन. उलट एकदा किलोभर वर. वजन मध्ये अडतं, ते मला नवीन नव्हतं. मी डबा बदलला, पोळी कमी केली, चालण्यात चढ घातला. काही नाही.

"काहून उतरून नाही राहिलं मॅडम? मी त सगळं करून राहिलो."

तो खोटं बोलत नव्हता. खोटं बोलणारा माणूस काट्यावर चढायच्या आधी घड्याळ काढून ठेवतो, खिसे रिकामे करतो. हा चपलांसकट चढायचा. इकडे मंगलाताईची तब्येत घसरत होती. डायलिसिसनंतर तिचा दोन-दोन दिवस थकवा उतरत नाही, असं तो सांगायचा आणि माझ्याकडे असा पाहायचा, की जणू मीच काट्याची सुई धरून बसले आहे.

शेवटी मी म्हटलं, उद्या सकाळी मी तुमच्यासोबत चालते.

थंडीचे दिवस होते. तलावावर धुकं, कानटोप्या घातलेले पेन्शनर. गजानन खरोखर झपाझप चालला. मलाच धाप लागली. चालणं उत्तम, यात काही खोट नव्हती. मग म्हणाला, "आता आलाच आहात त ताईकडे चला, चहा घेऊ." गेलो.

दार भाचीनं उघडलं. श्रुती तिचं नाव, कॉलेजात शिकणारी. गजानन उंबरठ्यातच वाकला आणि त्यानं तिच्या पायांना हात लावून कपाळाला लावला.

ज्यांना आमच्याकडची रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. महाराष्ट्रात भाचा मामाच्या पाया पडतो. छत्तीसगडात मामा भाच्याच्या पाया पडतो, आणि भाचीच्यासुद्धा. ही भूमी रामाचं आजोळ, म्हणून बहिणीचं मूल इथं देवाच्या ठिकाणी. भांचा, भांची म्हणतात. पांढऱ्या केसांचा मामा शेंबड्या भांच्याचे पाय धरताना पाहून माझ्या सासूबाई पहिल्यांदा हबकल्या होत्या. पण दोन पिढ्या इथं काढलेल्या मराठी घरांनीही ही रीत उचलली आहे. भांचीला कधी रागवायचं नाही, तिचं मागणं मोडायचं नाही, आणि तिच्या हातून जे येईल त्याला नाही म्हणायचं नाही.

आम्ही बसलो. श्रुती आतून ताट घेऊन आली. शिरा, त्याच्या कडेनं तूप सुटलेलं. गरम गुलगुले, ते गुळाचे तळलेले गोळे, चांगले हारीनं मांडलेले. आणि उंच पेला भरून सायीचं दूध. "लो मामा," ती म्हणाली. गजाननानं ताट कपाळाला लावलं आणि माझ्या देखत, जराही न लाजता, खायला सुरुवात केली.

मी पाहतच राहिले. "गजाननभाऊ, हे रोज असतं?"

"हव. तीन-चार महिने झाले."

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही."

तो खरोखर बुचकळ्यात पडला. "हे काय सांगाचं मॅडम? हे काय खाणं आहे? भांचीच्या हातचं आहे."

देवळात मिळालेला पेढा कोणी खाण्यात मोजत नाही, तसं यानं हे मोजलंच नव्हतं. दिवसाच्या निम्म्या जेवणाएवढं रोज सकाळी देवाच्या खात्यात जात होतं.

मी उठून स्वयंपाकघरात गेले. मंगलाताई ओट्याला टेकून उभी होती. अंगावर मांस म्हणून नव्हतं, हाताच्या फुगलेल्या शिरेवर कालच्या सुयांची पट्टी. ज्या बाईला पाणीसुद्धा मोजून प्यावं लागत होतं, अन्नाच्या वासानं जिला मळमळत होतं, ती तोंडाला पदर लावून कढईत गुलगुले सोडत होती. मला वाटलं, बिचारीला माहीत नसेल.

"ताई, त्याला हे द्यायचं नाही. डॉक्टर काय म्हणाले, माहीत आहे ना तुम्हाला?"

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हणूनच त करून राहिली."

मला आधी कळलंच नाही. तिनं गॅस बारीक केला.

"त्याची पोट्टी अजून शाळेत आहेत मॅडम. थो तिकडे भट्टीपाशी उभा राहते दिवसभर. एका किडनीवर त्याचं काही बरंवाईट झालं त वहिनीले मी कोणतं तोंड दाखवू? नाही म्हणून म्हणून थकली मी. ऐकतच नाही. मंग म्हटलं, जाडाच राहिला त डॉक्टरच नाही म्हणतीन. तुमाले हात जोडते, त्याले बारीक नका करू."

"आणि तुम्ही?"

"माहं झालं जेवढं व्हायचं थे."

इतक्या वर्षांत माझ्या कामात आडवे आलेले लोक मी खूप पाहिले. सासवा, हलवाई, लग्नातले आग्रह करणारे. पण प्रेमानं इतकं पद्धतशीर आडवं आलेलं कोणी पाहिलं नव्हतं. मला तिचा राग आला आणि रडूही आलं. तरी मी माझंच काम केलं. म्हटलं, "ताई, तुम्ही त्याला वाचवत नाही आहात. त्याचा रक्तदाब पुन्हा वर जाऊन राहिला आहे. किडनी द्यायची राहू द्या बाजूला, पण या वजनानं त्याच्या दोन्ही किडन्या तुमच्याच वाटेनं जातील. मग त्याची पोरं कोणाकडे पाहतील?"

तिनं गॅस बंद केला. बोलली ती मागं उभी असलेली श्रुती. दुधाचा रिकामा पेला घेऊन ती दारात कधी आली, आम्हाला कळलंच नव्हतं.

"मम्मी, इसीलिए आप मेरे हाथ से भिजवाती थीं?"

मंगलाताईनं मान खाली घातली. पोरीचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं पेला ओट्यावर ठेवला आणि बाहेर गेली. मी मागोमाग गेले. गजाननच्या ताटात दोन गुलगुले उरले होते. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"मामा, भांची को कुछ चाहिए."

"माँग ना बेटा," तोंड पुसत तो म्हणाला. नवा मोबाइल वगैरे असेल असं त्याला वाटलं असावं.

"मुझे मम्मी चाहिए."

एवढं बोलून तिनं त्याच्या पुढचं ताट उचललं आणि रडत आत निघून गेली. गजानन हात तसाच वर धरून बसला. मग त्यानं स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं, तिथं ताई उभी होती. त्याला सगळं समजलं. समजल्यावर तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचे बाहेर आले. "तू मले वाढवलं ना वं! मंग मले न विचारता मरून कशी राहिली तू?" ताईही ओरडली. दोघंही पोटभर भांडले, पोटभर रडले. मी पाणी दिलं, ताईला मोजून.

त्या भांडणातून एक तह निघाला. मंगलाताईनं अट घातली, की गजूच्या सगळ्या तपासण्यांचे निकाल ती स्वतः डॉक्टरांच्या तोंडून ऐकेल. एक जरी गडबड निघाली तरी ती ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही. गजाननला ही अट मंजूर होती. म्हणजे आता नुसतं बारीक होऊन भागणार नव्हतं, ठणठणीत व्हायचं होतं. आणि ताई ज्या निष्ठेनं त्याला जाडा ठेवत होती, त्याच निष्ठेनं त्याच्या मागं लागली. सकाळी चालून आला की श्रुती आता ताटात मोड आलेले हरभरे, काकडी आणि एक उकडलेलं अंडं आणायची. मिठाचा डबा लपवलेला. "मी अळणी खाऊन राहिली त तुले काय होते?" असं ताईचं म्हणणं. भांचीच्या हातचं, त्यामुळं नाही म्हणायची सोय नव्हती. गजानन ते ताटही कपाळाला लावायचा, फक्त जरा जड हातानं.

काटा हलला. पावसाळा संपता संपता तो नव्वदच्या खाली आला. पूर्वीचा शर्ट घालून एकदा मला दाखवायला आला, तर त्यात तो आणि मी दोघं मावलो असतो. गुडघे दुखायचे थांबले, घोरणं थांबलं, रक्तदाब शहाण्यासारखा वागायला लागला. नागपूरच्या डॉक्टरांनी सगळे निकाल मंगलाताईला समोर बसवून समजावले. तिनं खोदखोदून विचारलं, आणि शेवटी म्हणाली, "बरं." ऑपरेशन झालं. मी रायपुरातच होते. त्या दिवशी मी पेशंटशी काय बोलले, कोणाला काय खायला सांगितलं, मला आठवत नाही. कोणाला गुलगुलेसुद्धा खायला सांगितले असतील.

बरेच महिने गेले. एक दिवस दोघं दवाखान्यात आले. गजानन जेवढ्यास तेवढा, चेहऱ्यावर तजेला. पण मंगलाताईला मी ओळखलंच नाही. गाल भरलेले, चेहरा गोल, पदर खोचलेला. काट्यावर चढली तर ऑपरेशननंतर चांगलंच वजन वाढलेलं.

"मॅडम, हिले काही सांगा," गजानन तक्रार करू लागला. "सारखी खाऊन राहिली. काल पाहतो त फ्रिजपाशी उभी. मी चालाले बोलावतो त येत नाही."

ऑपरेशननंतर जी औषधं घ्यावी लागतात त्यांनी भूक खवळते. वजन वाढतं, ते आवरावं लागतं, नाहीतर नव्या किडनीला त्रास होतो. हे मी एरवी पहिल्या मिनिटाला सांगते. पण अन्नाच्या वासानं तोंडाला पदर लावणारी ती बाई माझ्या डोळ्यांपुढं उभी राहिली, आणि उभा जन्म लोकांची भूक आवरण्यात घालवलेल्या मला, एका बाईला भूक लागली म्हणून इतका आनंद झाला की ते सांगायचंच राहून गेलं.

मी उगाच दरडावून म्हटलं, "काय ताई, काय चाललंय हे?"

मंगलाताई काट्यावरून उतरली, चपला घातल्या आणि भावाकडे बोट दाखवून म्हणाली, "मले काय विचारता मॅडम? मी त कधी एवढी खादाड नव्हती. याची किडनी आहे. चार वाजले की समोसा मागते!"